मामांच्या घड्याळावरचं लग्न

तेर गावच्या आमच्या मामांना वेळ विचारली, की ते आधी मनगट कानाला लावायचे आणि मग डोळ्यांसमोर धरायचे. "आधी जिवंत हाय का बघावं, मग कामाचं इचारावं," असं त्यांचं म्हणणं. वडिलांकडून आलेलं चावीचं घड्याळ ते. काच पिवळी पडलेली, पण पोळ्याला बैलांना नव्या वेसणी आल्या की घड्याळाला नवा पट्टा आलाच पाहिजे.

सकाळी चहाच्या आधी ते चावी देत. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मोबाईलचा त्यांना राग. "टावर सांगतंय ते बोलतंय ते. ह्येला सोताचं डोकं हाय!" त्यावर मामी आतून म्हणायच्या, "धन्यावरच गेलंय. कुणाचं ऐकतंय व्हय?"

गावातल्या लग्नात अक्षतांचा इशारा मामाच द्यायचे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं आणि नेमकं तेव्हाच घड्याळ बिथरलं. उधळल्यासारखं पुढं पळायला लागलं. मामांनी ते तांदळात पुरलं, उन्हात ठेवलं, उजव्या हाताला बांधून पाहिलं. एकदा तर तासभर आधी स्टँडवर जाऊन "गाडीला उशीर का?" म्हणून भांडून आले. शेवटी नंदाच म्हणाली, "अण्णा, माझ्या अक्षता तुमच्या घड्याळावर न्हाय पडायच्या. मोबाईल बघू." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "बापाच्या घड्याळावर पोरीचा इस्वास न्हाय," एवढंच मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मी त्यांना धाराशिवच्या घड्याळजीकडं नेलं. त्यानं घड्याळाजवळ होकायंत्र धरलं, तर काटा गरकन फिरला. "ह्यात चुंबक शिरलंय, मामा. काढल्यावर कुठं ठिवता?"

मामा लाजले. दुपारी झोपताना ते घड्याळ भजनी मंडळाच्या मोठ्या स्पीकरवर ठेवत होते. "एकटंच पडून ऱ्हातंय बिचारं. म्हटलं, भजन तरी ऐकंल."

घड्याळजीनं कसल्याशा यंत्रावर धरून त्यातलं चुंबक उतरवलं. घरी आल्यावर नंदानं ते मोबाईलशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि म्हणाली, "बरं, तुमच्याच घड्याळावर." मामांनी लगेच दोन्ही वेळचं जेवण एकदम वसूल केलं.

लग्नात त्यांनी हात वर केला आणि अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. घोटाळा तिथंच झाला. पत्रिकेतल्या वेळेत आपला एक तास मिळवून निघायचं, ही आपल्याकडची रीत. निम्मं वऱ्हाड वाटेत होतं. नवऱ्याचा मामा गालाला साबण तसाच घेऊन धावत आला आणि ओरडला, "अहो, मुहूर्त काय मुहूर्तावरच लावत्यात व्हय?" व्याह्यांची समजूत घालता घालता आमची पुरेवाट झाली. मामा मात्र मांडवात नवरदेवापेक्षा ताठ उभे.

पाठवणीच्या वेळी त्यांनी घड्याळ काढून नंदाच्या हातात बांधलं. ती रडत म्हणाली, "मग तुमी कशावर बघणार?"

"म्या फोन करून इचारीन."

आणि खरंच विचारायचे. मोबाईलवर वेळ ढळढळीत दिसत असताना त्याच मोबाईलवरून रोज सकाळी नंदाला फोन, "किती वाजले गं?" आम्ही त्यांची खूप टर उडवली.

गेल्या वर्षी मामा गेले. परवा नंदा भेटली. घड्याळ हातात होतं. कसं चालतंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एकदम बरोबर चालतंय, दादा. वेळ इचारायलाच कुणी न्हाय."