सगळ्यात खालचा रिव्हर्स

बाबांनी ते जाहीर केलं तेव्हा मी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते.

"आता मायाच्यानं गाडी होत नाई. चतुर्थीले तुमच्यातली जे मले केळझरच्या गणपतीले नेईन, चाबी तिची."

तुमच्यातली म्हणजे मी आणि धाकटी. मी वर्ध्यातच राहते, बाबांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. धाकटी पुण्याला असते, वर्षातून दोनदा चार दिवस येते. ती यायच्या आदल्या दिवशी बाबा दाढी करतात. माझ्यासाठी त्यांनी कधी दाढी केलेली नाही. करतील तरी कशाला, मी रोजचीच.

गाडी आजोबांनी कापसाच्या धंद्यात बरे दिवस असताना घेतलेली. माझ्याहून वयाने मोठी, लांबलचक, परदेशी, ऑटोमॅटिक. गियरची दांडी स्टिअरिंगच्या मागे, आणि तिच्यावरच्या काचेतली अक्षरं आता पार पुसट झालेली. बाबांच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये तिची बॅटरी दर पंधरा दिवसांनी चार्ज मी करते. विमा मी भरते. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या मी ठेवते. चाबी माझीच होती, फक्त कोणी तसं म्हटलं नव्हतं.

चतुर्थीसाठी मी वहीत यादी केली. टायरची हवा, पाणी, नारळ, बाबांचा चष्मा, डबा. सहावा मुद्दा: गियर समजून घेणे. त्यावर मी न पाहताच टिक केली. माझी रोजची गाडीही ऑटोमॅटिकच आहे. त्यात समजण्यासारखं काय?

चतुर्थीच्या सकाळी गाडी शेडमधून मागे काढायला सुरू केली. बाबा शेजारी, पुण्याहून आलेली धाकटी शेडच्या दारात. माझ्या गाडीत पार्किंगच्या लगेच खाली रिव्हर्स येतो, म्हणून दांडी एक घर खाली ओढली आणि पाय दाबला. गाडी नुसती गरजली. वाटलं, घर नीट बसलं नाही. पाय न उचलता आणखी एक घर ओढलं आणि गाडी सरळ पुढे सरकीच्या पोत्यांत घुसली.

दारातून हसू आलं. "ताई, अवं गाईचं खानं गाडीले काऊन चारून राह्यली?"

बाबाही हसले. त्याचा जास्त राग आला.

"उतर माय," ते म्हणाले. "धाकटीले बसू दे. तू मांगं पाह्य."

धाकटी बसली. दांडीवर हात ठेवून लहानपणीसारखी गुणगुणली, "पड, नाई, दौड, लदली, रिटन." पी, एन, डी, एल, आर. पार्किंगमध्ये गाडी पडून राहते, न्यूट्रलमध्ये नाही म्हणते, मग धावते, ओझं असेल तर लदली, आणि सगळ्यात खाली, तळाशी, रिटन म्हणजे रिव्हर्स. हे बाबांनी तिला शिकवलं होतं. लहानपणी ती पुढे बाबा आणि आईच्या मधे बसायची. मी मागे, मांडीवर डबा घेऊन. डबा सांडला नाही पाहिजे म्हणून. मागे इंजिनच्या आवाजात यातलं काहीच ऐकू यायचं नाही. इतक्या वर्षांत हे पाच शब्द मला कोणी सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत.

मी मागे उभी राहिले. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं, बस." हे मात्र मला न शिकवता यायचं.

केळझरपर्यंत मी मागच्या सीटवर, डबा मांडीवर. रस्ता मोकळा झाला तशी गाडी ओरडू लागली. बाबांनी नुसती दोन बोटं उचलली. धाकटीने पाय सैल सोडला, एक हलका धक्का बसला आणि आवाज एकदम खाली आला. या गाडीला पुढचे दोनच गियर. पाय दाबून धरला तर ती पहिल्यातच ओरडत राहते, सोडला की आपणहून बदलते. सेलू येईपर्यंत हे चारदा झालं. चारही वेळा मी वहीत लिहिलं: पाय सोडणे. अक्षर रागाने वाकडं आलं होतं.

देवळातून परतल्यावर, गाडी शेडमध्ये लावताच बाबांनी निकाल दिला. चाबी काढून त्यांनी मागे हात करून माझ्याकडे दिली.

"तुयापाशी ठेव, माय. सांभाळाचं काम तुलेच जमते. धाकटी आली का चालवीन."

"जमलं ना ताई?" धाकटी आरशातून म्हणाली. मी डब्याचं झाकण घट्ट केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला स्टेशनवर सोडून मी थेट शेडमध्ये गेले. ते पाच शब्द लिहिलेलं वहीचं पान डॅशबोर्डवर ठेवलं. पड, नाई, दौड, लदली. तळाशी जायला दांडी जरा अंगाकडे ओढावी लागते, हे तेव्हा कळलं. मग रिटन. गाडी हळूच मागे सरली. मागे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मीच तोंडाने म्हणत होते, येऊ दे, येऊ दे.

आवाज ऐकून बाबा घरातून ओरडले, "धाकटी वापस आली काय?"

मी ब्रेक दाबला. "नाई बाबा. मी आहो."

मग त्यांच्या काठीचा आवाज अंगणात आला.

"थांब," ते म्हणाले. "मांगं तुळशीची कुंडी आहे. मी उभा राह्यतो."