तबूकचा नागोबा

जुबैलहून तबूकला फोटो काढायला चाललोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. महिन्याभरानं नाशिकला माझ्या वडिलांचं, अप्पांचं वर्षश्राद्ध होतं. ‘येतोस ना?’ असा ताईचा निरोप येऊन पंधरा दिवस झाले, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अप्पा गेले तेव्हा मी तिला कळवलं होतं की कफील (ज्याच्या जामिनावर आपण इथे सौदीत नोकरी करतो तो मालक) देशाबाहेर जायचा व्हिसा देत नाही, त्यामुळे येता येत नाही. अग्नी ताईनं दिला. खरं तर व्हिसा दहा मिनिटांत मोबाइलवर आला होता. कफील बिचारा ‘लवकर निघ’ म्हणत होता.

तबूकजवळ, सौदीच्या वायव्य टोकाला हिस्मा नावाचं वाळवंट आहे. तिथल्या शांततेत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. तो ऐकून ठरवायचं होतं, ताईला खरं सांगायचं की आणखी एक कारण शोधायचं.

न्यायला ओळखीतले रफीकभाई जीप घेऊन आले. मूळ दापोलीचे, इथे बरीच वर्षं फॅब्रिकेटर आहेत.

“एवढ्या लांबून दगडांचे फोटो काढायला आलात?”

“शांतता हवी होती.”

“मग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आमच्या कामगारांच्या कॅम्पवर यायचं. दुपारपर्यंत सगळे झोपलेले असतात.”

डांबरी रस्ता संपला आणि तांबड्या वाळूतून वालुकाश्माचे प्रचंड सुळके वर आले. मला भरून आलं. तेवढ्यात जीप रुतली. रफीकभाईंच्या ओळखीचे अबू सालेम नावाचे वृद्ध बदू (वाळवंटातले भटके पशुपालक) जवळच तंबूत राहत होते, त्यांनी ती ओढून काढली. मग आम्हाला राखेत भाजलेला जाड रोट, तूप आणि गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) दिली. मुक्काम तिथेच केला.

सकाळी जीपच्या काचेवर बर्फाचा पातळ थर होता. हात मोकळे राहावेत म्हणून न्याहारीचा राजगिऱ्याचा लाडू जॅकेटच्या टोपीत टाकला आणि सूर्य वर यायच्या आत मी एका सुळक्यासमोर कॅमेरा लावला. ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू वाळूत रुतत होता, त्यामुळे प्रत्येक फोटोत सौदी अरेबिया आणखी थोडा डावीकडे झुकत गेला. शेवटी मी कॅमेरा सोडला, उन्हाकडे तोंड करून मांडी घातली आणि डोळे मिटले.

मागून अबू सालेम ओरडले, “नागा! नागा!”

त्याच क्षणी माझ्या मानेशी फुसकारा आला.

एवढ्या थंडीत नाग बाहेर येत नाही, हे तेव्हा कुठलं सुचायला! मी हात जोडले, डोळे आणखी घट्ट मिटले आणि मोठ्यानं बोलू लागलो. “नागोबा, मी ताईशी खोटं बोललो. व्हिसा मिळाला होता. प्लँटचं शटडाऊन, वर्षाची मोठी दुरुस्ती चालू होती. मी गेलो तर माझ्यावाचून काही अडत नाही हे साहेबांना कळेल, अशी भीती वाटली. म्हणून अप्पांना अग्नी द्यायला गेलो नाही. आता चावायचं तर चाव.”

नागोबानं माझ्या जॅकेटच्या टोपीतला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला.

“साहेब, सावकाश पुढे सरका,” रफीकभाई हळूच म्हणाले. “नागा म्हणजे उंटीण. नुकती व्यायलीय, लाथ घालील.”

मी चार पायांवर रांगत निघालो. अबू सालेम तिला शिव्या देत मागे नेत होते.

“आधी का नाही सांगितलंत?” मी रफीकभाईंना विचारलं.

“सांगणारच होतो. पण तुमचं मध्ये तोडावंसं वाटेना.” ते वाळूकडे बघत होते. “बहिणीला फोन लावा. त्या टेकाडावर रेंज येते.”

टेकाडावरून मी ताईला सगळं सांगितलं, उंटिणीसकट.

“म्हणजे आधी उंटाला सांगितलंस, मग मला.”

“नाग समजून सांगितलं गं.”

“अग्नी मला एकटीला द्यावा लागला. वर्षभर तुझ्या त्या कफीलला शिव्या घालत्येय मी.” मग म्हणाली, “श्राद्धाला ये. पण सगळ्यांसमोर तुझं तू सांगायचं. मी सांगणार नाही.”

तिनं फोन ठेवला. निर्जन जागी मन शांत होतं, असं लोक लिहितात. मी मात्र टेकाड उतरताना सगळ्यांसमोर काय बोलायचं, ते पाठ करत होतो.

जुबैलला परतल्यावर व्हिसासाठी कफीलकडे गेलो आणि आधी माफी मागितली. म्हणालो, “माझी बहीण वर्षभर तुम्हाला शिव्या देतेय. चूक माझी आहे.”

त्यांनी गंभीरपणे विचार केला. “अरबीत देते?”

“नाही, मराठीत.”

“मग हरकत नाही,” म्हणत त्यांनी माझ्यापुढे खजूर सरकवला.

मला मात्र हरकत होती; त्या शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या. तो खजूर तोंडात धरूनच मी श्राद्धाच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढलं.