पाठवणीची मुलगी

रांबू हामूंचे हात मनगटापर्यंत निळे होते. सूत निळीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, यात उमर गेलेली. प्रभुभोजनाच्या रविवारी त्या भाकर वाटायला उभ्या राहिल्या की तो रंग फार उठून दिसे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांत त्या एकट्याच बाई. लांब प्रार्थना त्यांना जमत नसे. दोन वाक्यं बोलून त्या थांबत, मग पुढचं पाळकसाहेब उरकत.

त्या वर्षी ईस्टरला युब्लिनाने पहिल्यांदा त्यांच्या हातून भाकर घेतली. युब्लिना ही दांगाची मुलगी, आणि दांगा हामूंच्या भावाच्या घरची. आमच्या सुंबा बेटावर अशा माणसांना गुलाम कोणी म्हणत नाही, घरातली माणसं म्हणतात. ती उंच छपराच्या घरात जन्मतात, वरच्यांचं, म्हणजे ज्या बायकांना रांबू आणि पुरुषांना उंबू म्हणायचं त्यांचं, जेवून झालं की जेवतात, आणि घरातली लेक लग्न होऊन जाते तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी तिच्यासोबत दिली जाते. नवरा वारल्यावर हामू भावाकडे परत आल्या होत्या. मागाशेजारी बसवून त्यांनीच युब्लिनाला वाचायला शिकवलं होतं.

पिकं निघाल्यावर भावाच्या मुलीचं, मिरीचं लग्न ठरलं. मुलाकडून घोडे आणि सोन्याची कर्णभूषणं येणार, आमच्याकडून विणलेली कापडं, मणी आणि एक मुलगी जाणार. ती नवरीमागून पानसुपारीची पिशवी घेऊन चालते. पिशवीसकट तिने सासरचा उंबरा ओलांडला की ती त्या घरची होते. पाळी युब्लिनाची होती.

"ती जाणार नाही," हामू ओसरीवर येऊन म्हणाल्या.

त्यांचे भाऊ उंबू न्दिलू पाहुण्यांबरोबर पान चघळत बसले होते. "कोण, मिरी? आता नवरामुलगाच परत पाठवायचा का, ताई?"

"युब्लिना. मी माझ्या हाताने तिला भाकर दिली, न्दिलू."

"मलाही दिलीस की. चुलत्याला दिलीस, त्या दारुड्या मेताला दिलीस."

"म्हणजे एकाच ताटातलं खाल्लं आपण सगळ्यांनी."

"चर्चमध्ये खाल्लं. चर्चमध्ये मी गुडघेही टेकतो. घरी येऊन दांगापुढे टेकू?" ओसरीवर हशा पिकला. मग न्दिलूंचा आवाज उतरला. "मिरी तिथे एकटी उतरली तर जन्मभर टोमणे ऐकेल. तुझी भाची आहे ती. तिच्यासाठी नाही तुझा जीव तुटत?"

तुटत होता. तरी हामू पाळकांकडे गेल्या. पाळकसाहेबांनी कॉफी पुढे केली. "मी यावर प्रवचन करीन, रांबू."

"गेल्या वर्षी केलंत. छान झालं होतं. आता माझ्याबरोबर ओसरीवर चला."

पाळकसाहेबांनी आपली कॉफी ढवळली. "लग्न तेवढं होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

निघायच्या सकाळी अंगणात सगळे जमले असताना हामूंनी युब्लिनाच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि त्या नवरीमागे उभ्या राहिल्या.

"आत्या, काय हे! लोक बघतायत."

"चाल तू, मिरी."

किनाऱ्यावरच्या त्या घरी आम्ही पोचलो तेव्हा दारात बायका वाट पाहत होत्या. हामूंनी उंबरा ओलांडला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "पाठवणीची मी आहे. माझ्यामागे दुसरी कोणी येणार नाही."

मिरीची सासू पुढे झाली आणि तिने हसतच हामूंचे हात धरले. "केवढा मान दिलात! आत्याबाई स्वतः पोचवायला आल्या!" बायकांनी पिशवी उतरवून घेतली, हामूंच्या अंगावर नवं कापड घातलं, वरच्या चटईवर बसवलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या की कोणीतरी हळूच, अदबीने त्यांना परत आणून बसवी. त्यांच्याशी कोणी भांडलंच नाही.

दोनेक दिवसांनी तांदळाच्या पोत्यांबरोबर युब्लिना ट्रकमधून उतरली. काखेत कपड्यांचं गाठोडं होतं.

"न्दिलूने पाठवलं?"

"नाही. आईने." युब्लिना खाली बघत होती. "म्हणाली, रांबूंचं काय, त्या चार दिवस रुसतील आणि परत ओसरीवर जाऊन बसतील. आपल्याला त्याच चुलीशी राहायचंय."

"माझ्याबरोबर शहरात, वायंगापूला चल. मी विणीन. दोघींचं भागेल."

"आणि आई?"

हामू तिच्याशेजारी चुलीपाशी बसल्या. ती मका सोली, त्याही सोलू लागल्या. या वेळी त्यांना उठवायला कोणी आलं नाही. घरच्यांना आता त्यात करमणूक वाटू लागली होती. पण त्या बसल्या की स्वयंपाकघरातली बोलणी थांबत. तिथे राबणाऱ्या बायका आपापली भांडी घेऊन मागच्या अंगणात जात.

शेवटी युब्लिनाच म्हणाली, "रांबू, तुम्ही परत जा."

"तुला एकटीला टाकून?"

"तुम्ही आहात म्हणूनच मी एकटी आहे. ह्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. वरच्या बायका बोलावतात तेव्हा विचारतात, काय गं, येताना आपली दासी घेऊन आलीस का? मला इथे दिवस काढायचेत ना? काढू द्या."

"माझ्या मनात असं नव्हतं, पोरी."

"माहीत आहे मला," युब्लिना म्हणाली आणि मक्याची टोपली उचलून बाहेर बायकांकडे गेली.

हामू परत आल्या. वडीलजनांतून त्यांनी नाव काढून घेतलं. पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा फक्त म्हणाल्या, "भाकर देतानाचे ते शब्द मला आता म्हणता येत नाहीत." रविवारी त्या पुढच्या बाकावर न जाता अगदी मागे, दांगाशेजारी जाऊन बसल्या. दांगा चटकन उठली आणि खाली जमिनीवर बसली. हामूही खाली उतरल्या. दांगा भिंतीकडे सरकत गेली, सरकायला जागा उरेना तेव्हा पुटपुटली, "असं नका करू, रांबू. घरी गेल्यावर मला बोलणी बसतात."

पुढल्या रविवारीही हामू तिथेच जाऊन बसल्या. त्याच्या पुढल्याही.

हल्ली दांगा चर्चला येत नाही.