दुसरं नाव

"मास्तर व्हायचंय व्हय रं? म्हंजी उद्या आमच्याच पोरांचं कान धरशील."

पाटील म्हणाले, तसे त्यांच्या ओसरीवर बसलेले सगळे हसले. मी खाली अंगणात उभा. शेजारी माझे वडील, आबा.

वेल्ह्याकडच्या एका शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. अर्जात, ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठितांची नावं मागितली होती. पहिलं नाव भोरच्या माझ्या हेडमास्तरांचं. दुसरं पाटलांचं घालायचं मीच ठरवलं. आमच्या बौद्धवाड्यात मला कुणी प्रतिष्ठित दिसलंच नव्हतं.

"घाल की माझं नाव," पाटील म्हणाले. "इचारायला आलं कुणी, तर चांगलंच सांगीन. पण आमची चुलती गेली सकाळी. उत्रोलीला सांगावा धाडायचाय. बापाला म्हण, काठी घे."

मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा, हे गावानं आमच्या माथी मारलेलं जुनं काम. धम्म घेतल्यावर आबांनी ते सोडलं. सांगाव्याला जाताना धरायची काठी चुलीत घातली. गावानं बलुतं बंद केलं, तरी ते हटले नव्हते.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. तेवढं पुरलं असतं. मी मान खाली घातली.

गड्यानं दिलेली काठी घेऊन आबा निघाले.

दिवस कलताना परतले. उत्रोलीत त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. वरून ओंजळीत भाकरी टाकली होती. जुना रिवाज. उपरण्यात बांधून आणलेली ती भाकरी त्यांनी आईपुढं ठेवली. आईनं हात लावला नाही.

"आता घाल नाव," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"न्हाई घालणार."

"मंग म्या कशापायी गेलो रं?"

मी अर्ज पुढं ओढला.

मी सखुआत्याचं नाव लिहिलं. आमच्या बौद्धवाड्यातली. सडकेवर खडी फोडायची. लहानपणी मी तापानं फणफणलो, तेव्हा पाठीवर घेऊन भोरच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली होती. माझी ओळख सांगायला आणखी कोण हवं होतं?

मुलाखतीत चेअरमन म्हणाले, "खडी फोडणारी बाई? प्रतिष्ठित माणूस नाही मिळाला?"

"प्रतिष्ठितच आहेत."

त्यांनी अर्ज बाजूला सारला.

पुढं नसरापूरकडच्या शाळेत अर्ज केला. हेडमास्तर कळवळून म्हणाले, "अरे, आता तरी पाटलांना भेट." मी भेटलो नाही. पुन्हा सखुआत्याचंच नाव घातलं. तिथंही नकार आला. त्यानंतरच्या अर्जातही तेच नाव होतं.

उत्रोलीच्या वाटेला गेलेल्या आबांना मी आता माघारी आणू शकत नाही. पण माझ्या बापाला वाकवून जो माझी ओळख देणार, त्याच्या तोंडून मला माझं नाव नको. नोकरी नाही मिळाली, तर मीही खडी फोडीन.