निम्म्या भावातली कवंडळं

आज दिवसभर डिचोलीच्या माटोळी बाजारात बसले होते. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं आणि रानातल्या वस्तू बांधतात, ती माटोळी.

मी नार्व्याहून कवंडळं नेली होती, रानवेलीवरची फळं. दिसायला लालभडक, चवीला कडूजहर. माटोळीला बांधणं सोडलं तर त्यांचा काही उपयोग नाही.

दुपारी अर्धी टोपली तशीच होती. मी भाव निम्मा केला. वाटलं, आता लोक दोन-दोन नेतील.

आमच्या वाड्यावरची काकी थांबली. तिच्या पिशवीत एक कवंडळ होतंच. म्हणाली, "अगे बाय, फुकट दिलंस तरी दुसरं बांधू खंय?"

मग कोल्हापूरकडचा एक कामगार आला. "भाजी होते का याची?" मी नाही म्हटल्यावर हसून भेंडीकडे वळला.

संध्याकाळी आवरत होते, तेवढ्यात पेडण्याकडच्या हरमलचा एकजण स्कूटर चालूच ठेवून धावत आला. "कवंडळ आसा? सगळं बांधून झालं, तेवढंच राहिलंय. पेडण्यात कुठेच मिळालं नाही." भाव न विचारताच त्याने पाकीट काढलं.

मी निम्म्या भावानेच दिलं. बाजारात माझ्यासोबत बसलेली जाऊबाई घरी येऊनही अजून बडबडतेय, "मागशील तेवढे दिले असते गे त्याने!"

उरलेली टोपली ओट्यावर आहे. उद्या चवथ झाली की तिच्याकडे कुणी बघणारसुद्धा नाही.

आता खरं सांगा, माझ्या जागी असता तर तुम्ही किती घेतले असते? आणि त्याच्या जागी असता तर किती दिले असते?