वत्सलानं पुसलेलं कुंकू

वत्सलानं ओल्या फडक्यानं माझं कुंकू पुसलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, खोली बायकांनी भरली होती, आणि सगळ्यांच्या देखत तिनं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि कपाळ कोरं केलं. खाली डाग होता. रुपयाएवढा पांढरा, कडेनं लाल आणि सोललेला. कैरीच्या डाळीच्या वाट्या खाली ठेवल्या गेल्या, एकदोघींनी पदर सावरला, आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली बाई बाजूला सरकली. माझ्या मुलीला कडेवर घेऊन सासूबाई गौरीपुढून उठल्या. मुलगा त्यांचा लांब भोपाळला, आणि इथं भरल्या घरात सुनेचं कुंकू पुसलेलं. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा जिवंत आहे, डॉक्टरीणबाई."

"असू दे की," वत्सला म्हणाली. "शंभर वर्षं जगू दे. त्याचा या डागाशी काय संबंध?"

त्या दिवसाइतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. कारण सांगते. शिंद्यांचं संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा आमच्या घरात फारसं काही बदललं नव्हतं. आमचे हे हिशेबाच्या कचेरीत होते ते तिथंच राहिले. पुढं मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला आणि कचेरी उठून भोपाळला गेली. आमच्या लश्कर गावातली कितीतरी मराठी घरं तेव्हा अर्धी इथं, अर्धी तिथं झाली. ह्यांना क्वार्टर मिळेना, चौघं जण एका खोलीत राहायचे. मी आणि माझी दोन वर्षांची सुमन खासगी बाजार पेठेतल्या घरी, सासूबाईंपाशी. पहिल्या संक्रांतीला हे आले ते माझ्यासाठी कुंकवाची डबी घेऊन. लालभडक कुंकू, एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत हलत नसे. सासूबाई दर हिवाळ्यात हळदीचं कुंकू घरी करत. ते जरा काळपट, आणि घाम आला की नाकावर उतरायचं. मी त्यांचं कुंकू सोडून भोपाळचं लावायला लागले. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

वर्ष होत आलं तेव्हा कपाळाला खाज सुटली. मग कातडी सोलली, मग पांढरी पडली. डाग दिसू नये म्हणून मी कुंकू मोठं लावू लागले. डाग वाढला, कुंकू वाढलं, डाग आणखी वाढला. बाहेरच्या बायका म्हणायच्या, नवरा परगावी तर इंदूचं कुंकू बघा कसं मोठं झालंय. घरात मात्र सासूबाईंनी एकदा न्हाताना पाहिलं. आज कोड, उद्या महारोग, असं त्यांचं गणित. माझं ताट वेगळं झालं, सुमन त्यांच्याजवळ निजायला लागली. हळदीकुंकू आटोपलं की दुसऱ्या दिवशी झाशीहून माझा भाऊ मला न्यायला येणार होता. एकटीला. सुमन इथंच राहणार होती. ह्यांना नंतर कळवायचं ठरलं होतं.

वत्सलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग माझी शाळा सुटली आणि तिची सुटलीच नाही. त्या साली ती डॉक्टर होऊन कंपू भागातल्या दवाखान्यात लागली होती, चामडीच्या रोगांचं पाहायची. हळदीकुंकवाला आली, माझ्या कपाळाची सोललेली कड तिला दिसली, आणि तिनं पाणी मागितलं. विचारलंबिचारलं नाही. लहानपणी खपली दिसली की काढायची, तशीच राहिली.

सासूबाईंना उत्तर देऊन ती थांबली नाही. अत्तरदाणीतला फाया उचलला आणि मला डोळे मिटायला सांगितले. "कुठं लागतंय ते बोटानं दाखव." मी गालाला बोट लावलं, मग हनुवटीला, मग डागाच्या बरोबर मधे. "महारोगाच्या डागाला बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही," ती बायकांना म्हणाली. "हिला कळतोय. हे त्या कुंकवानं झालंय." मग म्हणाली, "आणि महारोग असता तरी त्याला आता औषध आहे. वाट्या घ्या हातात, डाळ वाळतेय."

मला तेव्हा काय झालं कोण जाणे... मी डोळे मिटलेलेच ठेवून बोलले. "सुमनला माझ्याकडे देत नाहीत. उद्या मला झाशीला पाठवणार आहेत." एवढंच. सासूबाईंसमोर आवाज चढवून मी कधी बोलले नव्हते, तेव्हाही चढवला नाही. पण ऐकलं सगळ्यांनी.

वत्सलानं दोन दिवस मागून घेतले. माझ्या डाव्या हाताला कोपराच्या आतल्या बाजूला तिनं भोपाळचं कुंकू लावलं, उजव्याला सासूबाईंचं, आणि वर पट्ट्या बांधल्या. कपाळ बरं होईतो त्याला काहीही लावायचं नाही, असं सांगून ती निघाली. कोऱ्या कपाळाची सून घरात वावरणार कशी, हा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. त्यांनी माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांना कुंकू लावलं आणि म्हणाल्या, इथं राहू दे तोवर. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, त्याला जेवायला वाढलं, आणि थांबायला सांगितलं. तो माडीवर झोपा काढत बसला.

दोन दिवसांनी पट्ट्या सोडल्या. डाव्या हातावर लाल चट्टा, बारीक फोड, आणि खाज अशी की मी रात्रभर पट्टीवरून घासत होते. उजवा हात साफ. सासूबाईंनी दोन्ही हात उन्हात नेऊन पाहिले. वत्सलाला वाटलं आता त्या वाद घालतील. त्या म्हणाल्या, "माझं सोसलं तिला." आणि हे त्यांनी पुढं गल्लीभर सांगितलं. बाजारचं कुंकू लावाल तर आमच्या इंदूसारखं होईल, हातावर लावून पाहा आधी. कोणाच्या सुनेचा डाग दिसला की त्याच सांगायच्या, ताट कसलं वेगळं करतेस, डॉक्टरीणबाईंना दाखव. वत्सला नंतर म्हणायची की दवाखान्यात भिंतीवर तक्ते लावून जे झालं नाही ते माझ्या सासूनं केलं. भाऊ एकटाच झाशीला परत गेला. सुमनला सासूबाईंनी आणून माझ्या मांडीवर टाकलं. माफीबिफी काही नाही. "घे, रात्रभर रडते," म्हणाल्या.

तो फाया वत्सलानं पुढं सोडला नाही. हळदीकुंकवाला अत्तर लावायच्या निमित्तानं कोणत्याही बाईचा हात हातात घेता येतो, हे तिला त्या दिवशी कळलं. दवाखान्यात बायका यायच्याच नाहीत, आल्या तरी बाही वर करायच्या नाहीत. मग आम्ही दोघी घरोघर जायचो. ती अत्तर लावायची, मी गुलाबपाणी शिंपडायची. डोळे मिटा, वास घ्या, आणि फाया कुठं लागला ते सांगा. बायकांना तो खेळ वाटायचा. शिंदे की छावनी भागात एका बाईच्या मनगटावर फिकट चट्टा होता. वत्सलानं त्यावर दोनदा फाया फिरवला. बाई डोळे मिटून हसत म्हणाली, "अरी, लगाओ तो सही." वत्सलाचा चेहरा हलला नाही. तिची ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तिला औषधाला घेऊन आली. ती बाई बरी झाली. पुढं तिच्या नातवाच्या बारशाला आम्ही जेवून आलो.

पुढं वत्सला डॉक्टरीच्या पोरांना शिकवायला लागली. दर वर्षी मला वर्गात न्यायची. डाग तोवर भरून आला होता, तांदळाएवढा पांढरा ठिपका राहिला होता, तो अजून आहे. ती पोरांना म्हणायची, ही चौथी पास आहे, हिचं ऐका. मी सांगायची, डाग पाहण्याआधी विचारा की घरात हिचं ताट कुठं वाढतात. पहिल्या वर्षी पोरं हसली. वत्सलानं त्यांना ते लिहून घ्यायला लावलं.

ती काही देवी नव्हती. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली की चिडायची. माझ्या हातचा साखरभात तिनं आयुष्यभर नावं ठेवत खाल्ला. शेवटची भेटले तेव्हा अंथरुणावर होती. हात पुढं करून म्हणाली, "बघ इंदे, चामडं कागद झालंय. एवढं शिकून मला याच्यावर औषध नाही." आणि हसली. मग तिनं पत्ते मागितले आणि मला एक डाव हरवलं, लबाडीनंच. पंधरा दिवसांनी तिच्या भाचीचा फोन आला, झोपेत गेली म्हणून. त्याला आता महिना झाला. मी फार रडले नाही. भरपूर जगली, हवं ते केलं, तोंडावर बोलली. आणखी काय पाहिजे माणसाला?

तिची सवय आमच्या घरात राहिली आहे. नवी टिकली असो, केसांचा रंग असो, आधी कोपराच्या आत लावायचं आणि दोन दिवस वाट पाहायची. परवा सुमनची मुलगी कसलंसं क्रीम घेऊन आली. मी काही म्हणायच्या आत तिनं बाही वर केली. "आजी, टेस्ट चालू है, कल बताती हूँ."

आमचे हे पुष्कळ म्हातारे होऊन गेले. कुंकू पुसलं म्हणून सासूबाई घाबरल्या होत्या, त्याला काही अर्थ नव्हता. ते गेले त्या दिवशी घरात बायका जमल्या, आणि एक जण ओलं फडकं घेऊन माझ्याकडे आली. वत्सला दारातच बसली होती, काठी टेकून. म्हणाली, "हिचं कुंकू पुसायचं ते मी एकदा पुसलंय. आता कोणी हात लावायचा नाही." कोणी लावला नाही.

हळदीचं कुंकू मी अजून घरीच करते आणि अजून लावते. त्या चैत्रात त्या खोलीत ज्या होत्या, त्यांपैकी आता मी आहे आणि सुमन आहे.