आईची फाटलेली खीर

मंडळी, आज दुपारी स्वयंपाकघरात माझी चांगलीच जिरली.

कळवणहून दादा आला होता. आल्या आल्या म्हणाला, "सुमे, कण्यांची खीर कर. आई करायची तशी."

आमच्या लहानपणी, सत्तर-ऐंशीच्या काळात, नाशिकरोडच्या घरात गोड म्हणजे हीच खीर. बाबा घोटीच्या भातगिरणीतून तांदळाच्या कण्या स्वस्तात आणायचे. रेशनची साखर चहाला लागायची, म्हणून खिरीत गूळ.

मी अगदी शिस्तीत केली. गॅस बंद केला, खीर कोमट होऊ दिली, मगच गूळ घातला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं, एवढं कळतं मला! वर काजूही घातले.

दादाने दोन चमचे खाल्ले. "छान आहे गं. पण ही ती नाही."

मी चिडलेच. "अरे, आईची फाटायची! नुसता चोथा व्हायचा!"

"हो ना. तो चोथा कुठाय?"

तशीच उठले. पुन्हा दुधात कण्या शिजवल्या आणि उकळी असतानाच गूळ टाकला. दूध फाटलं. दादा खाली मान घालून वाटीभर खीर खात राहिला.

आईला काय हे ठाऊक नव्हतं? पण आम्ही चौघं भावंडं स्टोव्हभोवती वाट्या वाजवत बसायचो. खीर निवेपर्यंत तिलाच धीर धरवायचा नाही.

तुमच्या घरी आहे का असा पदार्थ, जो बिघडला तरच जमतो?

माझ्याकडे आता खीर निववायला वेळच वेळ आहे. वाटी वाजवणारं कुणी नाही.